माहितीपटाला आधी उचल हवी: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडात मी कॅमेरा घेऊन उभी होते. पहाटेचे चार वाजले होते. बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीतल्या एका कुटुंबावर मी माहितीपट करत होते. त्यातली बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "ताई, आमची उचल मुकादमानं दिली. तुमची कुणी दिली?" उचल म्हणजे टोळी नेणारा मुकादम हंगामाआधी मजुरांना देतो ती आगाऊ रक्कम. मी म्हटलं, कुणीच नाही, लग्नांची शूटिंग करून साठवलेले पैसे आहेत. ती थांबली. "मग हंगाम कसा काढणार?"

तो हंगाम काढला. पुढचा नाही काढता आला. साउंड रेकॉर्डिस्टचं मानधन थकलं, कॅमेऱ्याचं भाडं अंगावर आलं आणि मी घरी बसले. तिसऱ्या हंगामात परत गेले तेव्हा कोपीसमोर, म्हणजे फडाजवळच्या त्यांच्या झोपडीसमोर, त्यांची मुलगी दिसेना. पहिल्या वर्षी ती तिथं पोत्यावर बसून वहीत गाडीच्या खेपा लिहायची, कारण बापाला लिहिता येत नव्हतं. कारखान्याच्या काट्याचा आकडा आणि तिच्या वहीतला आकडा ती रोज संध्याकाळी ताडून बघायची. मधल्या वर्षात तिचं लग्न झालं. आता ती दुसऱ्या कारखान्याच्या फडात आहे. टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात, म्हणजे ती अर्धा कोयता झाली. ती वही कशी सुटली, कोण काय बोललं, आई त्या दिवशी कामावर गेली की नाही, हे माझ्याकडे नाही. मी तिथं नव्हते.

साहेब, कथाचित्रपटाचं शूटिंग पैशाअभावी थांबलं तर सहा महिन्यांनी सेट पुन्हा उभा करता येतो. आमचा हुकलेला हंगाम परत मिळत नाही. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा आपल्याच जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजवरचा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात गेला आणि तिथं त्याचा विशेष उल्लेख झाला. तंबूतल्या जुन्या प्रोजेक्टरची जागा डिजिटल यंत्र घेत होतं, त्याच काळात दिग्दर्शकांचा कॅमेरा तंबूत होता. आज कुणी ते बदलणं टिपायला निघालं तर त्याला काय सापडेल?

राज्याची मराठी चित्रपटांसाठीची अर्थसहाय्य योजना मला माहीत आहे आणि तिचं मोलही माहीत आहे. पण तिच्यात चित्रपट आधी पूर्ण व्हावा लागतो, मग समिती तो पाहते, 'अ' किंवा 'ब' दर्जा ठरवते आणि त्यानंतर पैसे मिळतात. ज्याच्यामागे निर्माता आहे त्याला हे चालतं. माहितीपटाला निर्माता नसतो. तिकीटबारी नसते, वाहिनीवर जागा नसते. काम पूर्ण होण्याआधीच तो मरतो.

ही योजना गोरेगावच्या ज्या चित्रनगरीतून चालते, तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. फाळक्यांनी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी काय केलं होतं? एक वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी चित्रित करून कोंब कसा वर येतो ते पडद्यावर दाखवलं. तो छोटासा वास्तवपट होता. तो पाहून सावकाराला भरवसा वाटला आणि भांडवल उभं राहायला लागलं. कोंब बघून पैसे मिळाले म्हणून पुढचा चित्रपट झाला. मी तेवढंच मागते आहे.

सरकारनं माहितीपटाला पैसे देणं ही काही नवी गोष्ट नाही. 1948 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि कित्येक दशकं त्याचे माहितीपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवले गेले. 2022 मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. आता आमच्यापैकी बहुतेकांच्या नजरा परदेशाकडे लागलेल्या असतात. ॲमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवाचा निधी 1998 पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना मदत करतो. दक्षिण कोरियात बुसानचा निधी आहे. या लोकांचे उपकारच आहेत. पण अर्ज इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत आणि स्पर्धा जगभराशी. माझ्या अर्जात 'उचल'चं 'ॲडव्हान्स' झालं, तेव्हाच तिच्यातली सहा महिन्यांची बांधिलकी गळून गेली होती. शिवाय परदेशी देणगी घ्यायची तर परदेशी देणग्यांच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. केजच्या किंवा अहेरीच्या मुलीनं हे कुणाच्या भरवशावर करायचं?

माझी मागणी अशी आहे. दरवर्षी 25 माहितीपटांना प्रत्येकी 10 लाख रुपये द्यावेत, म्हणजे वर्षाला अडीच कोटी. त्यातले 3 लाख संशोधन आणि सुरुवातीच्या चित्रणासाठी, काम सुरू होण्याआधी. 5 लाख चित्रण पाहून, शेवटचे 2 लाख संकलनाला. अर्ज मराठीत, आणि त्यासोबत दहा मिनिटांचं चित्रण. उलाढालीचे दाखले मागू नका, कारण ज्यांना हे पैसे खरंच हवेत त्यांची उलाढाल नसते. निवड समितीत निदान दोन माणसं स्वतः माहितीपट केलेली असावीत, आणि मुलाखती नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरलाही व्हाव्यात. मुंबईला येण्या-राहण्याचा खर्च हीच पहिली चाळणी ठरू नये.

उचल हा शब्द मी जाणून वापरते आहे, म्हणून त्यातली भीतीही सांगते. मुकादमाच्या उचलीनं माणूस बांधला जातो. फिटली नाही तर पुढच्या हंगामातही त्याच्याच टोळीत जावं लागतं. सरकारच्या पैशानं दिग्दर्शक तसा बांधला जाऊ नये. हिशेब कडक घ्या, पावती न पावती तपासा. पण काय दाखवायचं, कुणाला बोलू द्यायचं, यावर सही नको. ज्या माहितीपटात एखाद्या खात्यावर टीका आहे त्याचा दुसरा हप्ता अडला, असं एकदा जरी झालं तरी पुढच्या वर्षी सगळे अर्ज पर्यटनावर येतील.

माझ्याकडे दोन हंगामांचं चित्रण दोन हार्ड डिस्कवर आहे. वहीत खेपा लिहिणारी ती मुलगी त्यात आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी लॅपटॉप घेऊन मंत्रालयात येते. अर्धा तास पुरेल. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्याआधी बोलावलंत तर बरं होईल.

आपली नम्र,
मराठवाड्यातील एक माहितीपटकार