रोबो खरा, इंडियन खोटा

प्रिय सुध्या,

उशिरा लिहितोय, शिव्या नंतर घाल. परवा झोप येईना म्हणून 'शॉर्ट सर्किट' परत लावला, १९८६ चा, तोच रे, वीज पडून शहाणा झालेला रोबो जॉनी फाइव्ह. मग पिक्चर संपल्यावर तो बनवला कसा हे खणत बसलो आणि पहाट झाली.

रोबोचं डिझाइन सिड मीडचं, म्हणजे 'ब्लेड रनर' पिक्चरचं डिझाइन करणारा! आणि एरिक ॲलार्डच्या टीमने तो खरोखरचा बनवला. हातांची गंमत बघ, एक माणूस अंगावर हार्नेस चढवून बाजूला उभा राहायचा, तो जसे हात हलवेल तसेच रोबोचे हलायचे. आवाज टिम ब्लेनीचा, तोही नंतर डब केलेला नाही, सेटवरच लाइव्ह बोलायचा, त्यामुळे हिरोईन ॲली शीडी रोबोशी बोलते ते हवेत बघून बोलल्यासारखं वाटतच नाही. आणि तो टीव्हीवर 'सॅटर्डे नाइट फीव्हर' बघून नाचतो ना, तो पिक्चरही याच डायरेक्टरचा, जॉन बॅडमचा. स्वतःचीच जाहिरात, चालू माणूस!

आता डोकं फिरवणारं ऐक. तो बेन, आपला इंडियन इंजिनियर, तो फिशर स्टीव्हन्स, शिकागोचा गोरा पोरगा. रोल आधी गोऱ्याचाच लिहिला होता, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की इंडियन करू. झालं, तोंडाला रंग, केस काळे, निळ्या डोळ्यांवर तपकिरी लेन्स. इंडियन ॲक्टर शोधायचे कष्ट कोण घेणार! आडनाव काय तर जबितुया, आता हे कुठल्या तालुक्यातलं ते तूच सांग. १९८८ च्या दुसऱ्या भागात त्याचं गुपचूप जार्वी झालं. भारतीय वंशाचा अमेरिकन कॉमेडियन अझीझ अन्सारी लहानपणी तो पार्ट टू बघून खूश झालेला, पडद्यावर आपला माणूस हिरो म्हणून, आणि मोठेपणी कळलं की हा गोराच! २०१५ मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लिहिलंय, मिळालं तर वाच.

म्हणजे बघ ना, लोखंडाच्या रोबोसाठी एवढा जीव काढला आणि माणसाचं मात्र रंग फासून भागवलं. पण खरं सांगू, बेनला मूळ गाव विचारतात तेव्हा तो बेकर्सफील्ड म्हणतो आणि पूर्वज कुठले तर पिट्सबर्ग, दोन्ही अमेरिकेतलीच, तिथे मी परवाही फस्सकन हसलो. राग आला तरी हसलो, काय करणार.

दिवाळीत येतोयस ना? दुसरा भाग तेव्हा बघू, एकट्याने बघायला मजा नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या