नदीतल्या अळ्या फॉर्मालिनमध्ये बुडवू नका

मा. पर्यावरणमंत्री यांस,
स. न. वि. वि.

नदीच्या पाण्याची प्रत जोखताना तळातले कीटक गोळा होतात, कुळानुसार मोजले जातात आणि आकडे अहवालात जातात. पुढे नमुन्यांना बहुधा कोणी वाली नसतो. त्यांत कॅडिसफ्लायच्या अळ्याही असतात. मागणी त्यांच्यापुरतीच आहे: त्या फेकू नयेत, फॉर्मालिन या नमुने टिकवण्याच्या रसायनातही ठेवू नयेत.

कॅडिसफ्लाय ही फुलपाखरे आणि पतंगांची सर्वांत जवळची भावकी. अळी तोंडातून रेशीम सोडते. काही प्रजाती त्या रेशमाने वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे सांधून घर बांधतात आणि ते अंगावर वागवत फिरतात. काही दगडाला जाळे लावून वाहत येणारे अन्न अडवतात. जगभरात 16,000 हून अधिक प्रजातींची नोंद आहे, पण ओळख ठरते मुख्यतः प्रौढ नराच्या जननेंद्रियांवरून. नदीत हाती लागते ती अळी! ती कोणत्या प्रजातीची, हे भिंगाखाली धरूनही पुष्कळदा सांगता येत नाही.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, तो इथे कामाला येतो. पेशीत त्याच्या भरपूर प्रती असतात, म्हणून एक पाय पुरतो आणि बाकीचा कीटक संग्रहात शाबूत राहतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा अळीत आणि ओळख पटलेल्या नरात जुळला, की बहुतेक वेळा जोडी लागते. जवळच्या प्रजातींचे नातेही त्यावरून बरेच उलगडते.

मात्र एवढ्यावर सगळी वंशावळ मांडून देतो, असा प्रस्ताव आला तर तो मंजूर करू नये. हा डीएनए झपाट्याने बदलतो. जुन्या फाट्यांवर त्याच जागी पुन्हा पुन्हा बदल होऊन आधीच्या खुणा पुसल्या जातात. शिवाय तो आईकडूनच येतो. दोन प्रजातींचा संकर झाला, तर एकीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत राहून जातो आणि नाते भलतेच दिसते. जाळेवाल्या आणि घरवाल्या शाखा केव्हा, कशा फुटल्या, यासाठी पेशीच्या केंद्रकातली जनुकेही वाचावी लागतात. निधी दोन्हींसाठी हवा.

फॉर्मालिनमध्ये डीएनए प्रथिनांना जखडतो, तुटतो. त्याऐवजी 95 टक्के इथेनॉल वापरावे आणि ते लवकरच एकदा बदलावे, कारण अळ्यांच्या अंगातले पाणी त्यात उतरते. मोजणीनंतर नमुने संग्रहालयाकडे सोपवावेत. बाटलीत ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी असावी, तीही पेन्सिलीने लिहिलेली. साधी शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

कळावे,
एक कीटक-अभ्यासक