गुण चौघांना, गणित एकीचे

महोदय,

गणिती मॉडेलिंगच्या, म्हणजे खऱ्या घडामोडी समीकरणांत मांडून पाहण्याच्या, विषयाला लेखी परीक्षेऐवजी गटाने करायचा प्रकल्प ठेवला, तेव्हा बरे वाटले होते. यंदा परीक्षक म्हणून बसलो आणि जरा हिरमुसलो. एका गटाने साथीच्या प्रसाराचे मॉडेल घेतले होते. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ साली मांडलेले तेच. बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले असे लोकसंख्येचे तीन भाग. आलेख देखणे. सहज विचारले, "नव्या बाधितांची संख्या पहिल्या दोन भागांच्या गुणाकारावर का अवलंबून?" तिघांनी चौथीकडे पाहिले. समीकरणे तिने सोडवली होती, एकाने स्लाइड रंगवल्या, एकाने टंकन केले. उरलेल्याचे काम काय, ते शेवटपर्यंत कळले नाही. गुण मात्र सारखेच!

उत्तर साधे आहे: सगळे एकमेकांत सारखे मिसळतात असे गृहीत धरले म्हणून; तसे मिसळले की दोन्ही भागांतल्या माणसांच्या गाठी त्यांच्या संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात पडतात. खरी माणसे तशी मिसळत नाहीत. मग गृहीतक बदलले की उत्तर किती हलते? विषयाची सगळी गंमत यातच, आणि अहवालात त्यावर एक ओळ नाही.

निम्मे गुण तोंडी परीक्षेचे, प्रत्येकाला वेगळे द्यावेत. कोणाला काय विचारायचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे. गृहीतके पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावीत, ती आदल्या रात्री सुचत नाहीत. गट मोडा असे मात्र मी म्हणत नाही. दुसऱ्या एका गटातल्या दोघी एका स्थिरांकावरून अशा हमरीतुमरीवर आल्या, की माझा पुढचा प्रश्न राहूनच गेला.

— एक निवृत्त प्राध्यापक