बंड्यास पत्र : यादी खोडून पुन्हा लिहिली आहे

प्रिय बंड्या,

नव्या पीसीच्या सामानाची तुझी यादी मिळाली. महागडा प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, सात रंगांत उजळणारं कॅबिनेट आणि त्याच्यासोबत फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. मांडवावर लाखभर उधळून पंगतीला नुसता वरणभात वाढायचा, तसं झालंय हे. रागावलास तरी चालेल, पण यादी खोडतोय.

तुझा मॉनिटर २७ इंची, १४४० पिक्सेलचा. या रेझोल्यूशनला घाम फुटतो तो कार्डाला, प्रोसेसर बराचसा बसून असतो. म्हणून रायझेन ५ ७६०० पुरे : ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट, खोक्यात कूलरही मिळतो. दुकानदार ७५००एफ पुढे करेल, थोडा स्वस्त आहे म्हणून. त्याला अंगचं ग्राफिक्स नाही. उद्या कार्ड वॉरंटीत गेलं की पीसी आंधळा. ७६०० असेल तर मदरबोर्डाच्या एचडीएमआयवर निदान कामं तरी होतील.

वाचलेले पैसे कार्डात घाल : आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी. त्याच नावाचं ८ जीबीचंही येतं, तेव्हा खोक्यावरचा आकडा स्वतः वाच. बोर्ड बी६५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स. त्यावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा खुणांचे चार छोटे दिवे हवेतच, का ते पुढे सांगतो. रॅम १६-१६ जीबीच्या दोन कांड्या, एकाच पाकिटातल्या, डीडीआर५ ६००० वेगाच्या, सीएल३० (हा उशिराचा आकडा, कमी तितका बरा). २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत हे खरं, पण काटछाट कॅबिनेटात कर, इथे नको.

आता तो फुकटचा एसएमपीएस. कार्ड १६० वॉट, प्रोसेसर जोर लावला की ८८ पर्यंत, पंखे, एसएसडी वगैरे धरून ३०० च्या आसपास. मग ४५० चा का नको? कारण कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरंच जास्त ओढतं, आणि बिननावाच्या डब्यावरचे ४५० प्रत्यक्षात मिळतीलच असं नाही. गेम ऐन रंगात असताना पीसी धाडकन बंद पडतो तो यामुळे, आणि लोक विंडोजला शिव्या देत बसतात. नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॉट, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा, असा शिक्का) घे. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. मॉनिटर धरला तर तो काठावर येईल, १००० व्हीएचा बघ.

आणि आर्थिंग. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट आर्थिंगवाटे सोडत असतो. प्लगाच्या त्या जाड पिनेमागे वायरच नसेल तर तो पत्र्यावर येतो, हात लागला की झिणझिण्या येतात आणि टेस्टर मिणमिणतो. रबरी चप्पल हा त्यावर उपाय नव्हे. जोडणीच्या आधी वायरमनकडून पॉइंट तपासून घे.

सामान आलं की कॅबिनेट बाजूला ठेव. बोर्ड त्याच्याच खोक्यावर मांड. सॉकेटची लिव्हर दाबून बाजूला सरकव, वर उचल, फ्रेम उघड. आत १७१८ बारीक पिना आहेत, एक वाकली तरी बोर्ड गेला. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळव आणि कडांना धरून नुसता ठेव, दाबायचं काही नाही. लिव्हर खाली घेताना चांगलाच जोर लागतो आणि करकर ऐकू येते. प्रोसेसर सपाट बसलाय ना, मग घाबरू नकोस. काळं प्लास्टिकचं झाकण तेव्हा आपोआप सुटतं. ते जपून ठेव, बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर पिना झाकायला लागेल.

सोबतच्या कूलरला खाली पेस्ट लावलेलीच असते, वर आणखी थापू नकोस. तो चार स्क्रूंवर बसतो, म्हणून बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट आधी काढायचे. स्क्रू मोटारीच्या चाकाचे नट आवळतो तसे, समोरासमोरचे, थोडे थोडे. ब्रॅकेट टाकू नकोस. नागपूरचा मे महिना या कूलरला जड जाणार, आणि पुढे मोठा टॉवर कूलर घेशील तेव्हा बहुतेकांना तेच लागतात.

बोर्डाला चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. एसएसडीवरच्या हीटसिंकच्या पॅडला पातळ फिल्म असते, ती सोल. ती तशीच राहिली की एसएसडी तापते आणि मंदावते.

आता २४ पिनी आणि प्रोसेसरची ८ पिनी वायर लाव, एचडीएमआय बोर्डात, आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. पंखा फिरेल, डीरॅमचा दिवा लागेल, पडदा काळाच राहील. इथेच लोक घाबरून बटण बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बोर्ड आणि डीडीआर५ रॅमची पहिली ओळखपाळख व्हायला काही मिनिटं लागतात. चहा पिऊन ये. पंधरा मिनिटांनीही तोच दिवा असेल तर एकच कांडी दुसऱ्या स्लॉटात ठेवून पुन्हा बघ.

बायॉस, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचा पडदा, दिसलं की मगच बोर्ड कॅबिनेटात. त्याआधी मागची, बोर्डाच्या पोर्टांभोवती बसणारी पत्र्याची पट्टी सुटी असेल तर ती बसव (बहुतेकांना ती शेवटीच आठवते), आणि बोर्डाला भोक नाही तिथला स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो त्यातला धातूचा खुंटा) काढ, नाहीतर शॉर्ट. प्रोसेसरची वायर वरच्या कोपऱ्यातून आधीच ओढून घे. कार्डाचीही ८ पिनी दिसते, पण खाचा वेगळ्या, जोर करायचा नाही. दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून सुट्या होणाऱ्या, वायरी अजिबात लावू नकोस. एसएमपीएसकडची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि एसएसडी-हार्डडिस्क जळतात त्या अशा.

कार्ड बसलं की मॉनिटरची वायर कार्डात. बायॉसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर रेंगाळेल. पडदा पुन्हा थोडा वेळ काळा राहील. विंडोज ११ टाकताना वायफाय सापडलं नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग कर. मॉनिटरही बहुधा ६० हर्ट्झवरच सुरू होईल, तो सेटिंगमध्ये जाऊन वाढव.

बिल जीएसटीचं, कार्डाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घे. पीसी डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नकोस, ती ओली हवा धुळीचा लगदा करते.

नवं कॅबिनेट निवडलंस की फोटो पाठव, पण समोरून. काचेच्या बाजूने नको. पुढे हवेसाठी जाळी आहे की नाही तेवढंच बघायचंय.

तुझा,
पक्या