बालाजी, शिवरात्रीला मैदानात उतरू नकोस

लातूर,
पौष शुद्ध पंचमी

प्रिय बालाजी,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप ऐकला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात बांधाबांधानं फिरलास, गुडघा दुखला नाही, सूजही नाही, म्हणून शिवरात्रीच्या यात्रेत कबड्डीला उतरायचं ठरवलंस. उतरू नकोस. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर 'बघू' म्हणून सोडून दिलं असतंस, म्हणून बसून लिहितोय. नववीला ऊतींचा धडा घ्यायचाय म्हणालास, तोही ह्यातच येईल.

दसऱ्याला तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फाटलेलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, टाके घालून जोडलेलं नाही. मांडीच्या मागच्या स्नायूची रज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढली, तिची घडी घातली आणि हाडात बोगदे पाडून ती लिगामेंटच्या जागी बसवली. रज्जू तुझीच, पण तिचा रक्तपुरवठा तुटला. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मग आजूबाजूनं नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, जुने तंतू मोडून काढतात आणि नवे घालतात. मोडतोड जोरात आणि नवं बांधकाम अजून कच्चं, असा एक काळ असतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपासचा. आत्ता तू तिथेच आहेस. सूज उतरली, टाके भरले, म्हणून दुखत नाही. तंतूंत ताकद किती आली हे दुखण्यावरून कळत नाही, आणि माझ्याकडे उपचाराला येणारी तरणी पोरं नेमकी इथेच फसतात.

तू विचारलंस, दादाचा हात मोडला तेव्हा दीड महिन्यात प्लास्टर निघालं, मग ह्यालाच एवढा वेळ का? हाड, लिगामेंट, स्नायूची रज्जू, कानातली लवचीक कास्थी, चरबी, रक्तसुद्धा, ही सगळी एकाच घराण्यातली. पुस्तकात ह्यांना संयोजी ऊती म्हणतात. त्वचेच्या वरच्या थरात किंवा यकृतात पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. ह्या घराण्यात बहुतेक ठिकाणी पेशी विरळ आणि त्यांच्यामधला माल जास्त. त्या मालाला आधारक म्हणतात. धाब्याच्या घराची भिंत आठव. नुसत्या मातीला तडे जातात, म्हणून तिच्यात भुसा कालवतात. इथे मातीच्या जागी पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत पदार्थ आणि भुश्याच्या जागी कोलॅजनचे तंतू. फरक एवढाच की ही भिंत बांधणाऱ्या पेशी तिच्यातच राहतात आणि जन्मभर डागडुजी करतात.

कोलॅजन हे आपल्या शरीरात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल. ही तिपेडी रचना 1954 मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. पोरांना हे नाव जरूर सांग. आपल्या देशातल्या प्रयोगशाळेत एवढं मूलभूत काम झालं, हे त्यांना कळायला हवं.

वर्गात एक प्रयोग कर. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, व्हिनेगर अधूनमधून बदल. चार-सहा दिवसांनी ते हाड बोटांनी वाकतं. क्षार विरघळून जातात, उरतं ते कोलॅजन. उलट हाड भट्टीत चांगलं जाळलं तर आकार तसाच राहतो, पण दाबलं की चुरा होतो, कारण तंतू जळून गेलेले असतात. क्षारांनी कडकपणा, तंतूंनी चिवटपणा. पाया शिजवतात तेव्हा रस्सा बोटाला चिकटतो आणि थंड झाल्यावर थिजतो, तोही तंतूंतल्या कोलॅजनचं जिलेटिन झाल्यामुळेच.

आता दादाच्या हाताकडे येतो. हाड टणक असलं तरी आतून रक्तानं भरलेलं असतं. मोडलं की तिथे रक्ताची गाठ होते, गाठीत पेशी येतात आणि सांधायला लागतात. अस्थिबंध म्हणजे लिगामेंट हाडाला हाड बांधतो, रज्जू स्नायूला हाडाशी बांधते. दोन्हींत कोलॅजनचे तंतू आडवेउभे न जाता ओढीच्या दिशेनं दाटीवाटीनं लावलेले, पेशी मोजक्या, रक्त कमी. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट पूर्ण तुटलं तर सांध्यातल्या पाण्यात रक्ताची गाठ टिकतच नाही, मग पेशींनी काम करायचं कुठे? टाचेच्या रज्जूचं तर आणखी नवल. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, त्याचा माग काढून डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की ह्या रज्जूचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास घडतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही. असा माल घाईनं नवा होत नाही.

कास्थीची गोष्ट ह्याहून अवघड. हाडांच्या टोकांवरच्या त्या गुळगुळीत थरात रक्तवाहिनी नाही, चेतातंतूही नाही. भार पडला की आतलं पाणी बाहेर जातं, भार उठला की सांध्यातलं पाणी पोषण घेऊन आत येतं. म्हणून काकूंचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना खाटेवर बसवून ठेवू नकोस. सपाट जमिनीवर रोज थोडं चालू दे, फक्त भाकरी थापायला ओट्यापाशी उभ्या राहिल्या तर बरं, जमिनीवर उकिडवं बसणं टाळा. रक्त आणि चरबीचं सविस्तर धड्यात आहेच. रक्ताचा आधारक पातळ, म्हणून ते वाहतं, आणि चरबी साठवते, ऊब देते, धक्का झेलते, एवढं लक्षात ठेव.

तुझी शाळा किनवटकडची, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. तिकडे पाठीत ताठरलेली, मान न वळणारी म्हातारी माणसं तू पाहिली असशील. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा बरंच जास्त असलं आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मऊ राहायला हवेत त्या अस्थिबंधांत कॅल्शियम साचतं आणि मणके एकमेकांना जखडतात. एकदा जखडलेलं परत सुटत नाही. शाळेच्या बोअरचं पाणी तपासून घे. पोरांचे दात पिवळे-तपकिरी दिसत असतील तर लवकर घे.

खाण्याबद्दल विचारलंस. कोलॅजनच्या महागड्या डब्यावर पैसे घालू नकोस. ते पोटात पचतं, सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. कोलॅजन पक्कं विणायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की स्कर्व्ही हा रोग होतो आणि त्यात जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उकलतात. 1747 मध्ये जेम्स लिंड यांनी जहाजावरच्या बारा आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यांत संत्री-लिंबं खाणारे दोघं सगळ्यात आधी सावरले. तुझ्या बांधावर आवळा आहे, परड्यात पेरू आहे. डाळ, अंडी, दूध रोज घे.

चढाईत तू पाय रोवून एकदम वळतोस, आणि वळताना गुडघा आत झुकतो. ह्या लिगामेंटवर सगळ्यात जास्त ताण त्याच क्षणी येतो. शिवरात्रीपर्यंतही ती बसवलेली रज्जू तो ताण झेलायला तयार नसेल. पुन्हा तुटली तर दुसरं ऑपरेशन, दुसरीकडची रज्जू, आणि गुडघ्यातली गादी फाटायची भीती वेगळीच.

व्यायाम मात्र एक दिवसही सोडू नकोस. नवे तंतू कोणत्या दिशेनं लागायचे हे योग्य ताणावरूनच ठरतं, त्यामुळे नुसतं जपून बसणंही चुकीचं. सांगितलेले मांडीचे व्यायाम, सायकल, पायऱ्या, एवढंच. पळणं मी सांगेन तेव्हा. नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. आषाढीनंतर लातूरला ये, दोन्ही पायांची ताकद मोजू, एका पायावरची उडी बघू, मग खेळायचं ठरवू. शिवरात्रीला संघाला तुझी गरज आहे हे मला माहीत आहे. रेषेबाहेर उभा राहून पोरांना सांग, तुझ्याइतकं नीट कोण सांगणार?

ऑपरेशनचे कागद आणि एमआरआयची फिल्म जपून ठेव, येताना घेऊन ये. काकूंना नमस्कार.

तुझा,
दत्ता