पहिल्या प्रेमाच्या कविता तपासणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक अंकाकडे अकरावी-बारावीच्या ज्या कविता येतात, त्यातल्या बहुतेक पहिल्या प्रेमाच्याच. त्यांना न हसता, एकेक ओळ हातात घेऊन ती कशी सावरायची, हे तुम्ही संपादक मंडळाला शिकवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

सुरुवात अष्टाक्षरीनेच करायची, हा तुमचा आग्रह रास्त होता. मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षर एकच धरायचं, ओळीत आठ अक्षरं आणि शक्यतो चौथ्या अक्षरावर शब्द संपवायचा. ‘तू दिसलीस मला आज’ ही झाली नऊ. इथे छाटायचा तो ‘तू’, कारण ‘दिसलीस’मध्ये तो आधीच येऊन गेला आहे. प्रेमकवितेत असे फुकटचे ‘तू’ आणि ‘मी’ ढिगाने सापडतात! पण ‘आज’ शेवटी राहिला की पुढे ‘लाज’ नाहीतर ‘साज’ हटकून येणार. म्हणून शब्द फिरवायचे: ‘आज मला दिसलीस’. आता ‘हसलीस’ चालेल. ‘बोललीस’ चालणार नाही, तिथे नुसता प्रत्यय जुळतो.

गझलेचा हट्ट धरणाऱ्यांना तुम्ही सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ देता. या मुलांचा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, ‘तुझ्यासाठी’ ठरलेला असतो; त्याआधी जुळायला हवं ते यमक, म्हणजे काफिया, त्याचा पत्ता नसतो. प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, स्वतंत्र उभा राहायला हवा, हे कळलं की बरेच जण मुकाट अष्टाक्षरीकडे परततात.

चंद्र-गुलाबावर बंदी न घालता तुम्ही गाथासप्तशती, म्हणजे प्राकृतातल्या जुन्या छोट्या कवितांचा संग्रह, वाचायला लावलीत. दोन ओळींत शेत, गोदेचा काठ, वाटसरू. प्रेमाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही. मग मुलांच्याही कवितेत एसटीचा पास आणि प्रॅक्टिकलचं जर्नल येऊ लागलं.

सर्वांत मोलाची तुमची शेवटची तपासणी. छपाईआधी प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर वरून खाली वाचायचं. तिथे कधीकधी कुणाचं तरी नाव निघतं. कवीला ते गोड वाटतं, पण जिचं नाव असतं तिला कुणी विचारलेलं नसतं आणि अंक तिच्या घरीही जातो. कविता नाकारायची नाही. एखाद्या ओळीचा पहिला शब्द बदलला की नाव मोडतं.

यंदाच्या कविता गणपतीनंतर पाठवतो. खुणा पेन्सिलीनेच कराव्यात, लाल शाई दिसली की मुलं दुसरी कविता देत नाहीत.

आपले,
वार्षिक अंकाचं संपादक मंडळ