दारू बंद झाली म्हणजे ट्रीटमेंट संपली असं नसतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यसनाची बातमी पेपरात येते ती बहुतेक वेळा गुन्ह्यांच्या पानावर, आणि आरोग्याच्या पानावर आलीच तर 'मनाचा निर्धार करा' इथपर्यंत येऊन थांबते. माझ्या धाकट्या भावाचं दारूचं व्यसन आम्ही घरात बरीच वर्षं बघतोय, त्यामुळे हे निर्धाराचं वाचलं की जीव कासावीस होतो. निर्धार त्याने खूपदा केलाय हो, अगदी मनापासून केलाय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण यात माणसं जिवाला मुकतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते आणि तिला तोंड द्यायला मेंदूने आपला वेग वाढवून ठेवलेला असतो, मग दारू अचानक काढून घेतली की दाबणारं काही उरत नाही पण तो वाढलेला वेग तसाच राहतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. भावाचं मी बघितलंय, अंग घामाने भिजलेलं, हात इतके थरथरत होते की पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत जाईना, आणि चादरीवर नसलेले किडे वेचत बसला होता. घरचे म्हणत होते नाटकं करतोय. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. हॉस्पिटलमध्ये डायझेपामसारखं औषध देऊन ते हळूहळू कमी करतात, शिवाय बी-1 व्हिटॅमिन देतात, कारण खूप पिणाऱ्यांच्या शरीरात ते फार कमी झालेलं असतं आणि त्यातून स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

पण हे झालं फक्त डिटॉक्स. घरचे इथेच सुटकेचा श्वास सोडतात आणि खरी चूक इथे होते असं माझं मत आहे, कारण शरीरातून दारू गेली तरी ओढ कुठे जाते? ती महिनोन्‌महिने राहते. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची, सोबत काउन्सेलिंग आणि सपोर्ट ग्रुप. ही औषधं कितीतरी पेशंटपर्यंत पोचतच नाहीत. उलट काही घरांत डायसल्फिरामच्या गोळ्या गुपचूप जेवणात मिसळून देतात, तेवढं कृपा करून कोणी करू नका. ती गोळी पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली जाऊ शकतं, आणि ज्याला गोळीचं माहीतच नाही तो पिणारच ना! जीवही जाऊ शकतो.

हेरॉइनसारख्या नशेत तर सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस घसरला की जुन्याच मापाने घेतो, मग श्वास बंद पडतो. नशेचा परिणाम उलटवणारं नालॉक्झोन हे औषध वेळेत मिळालं तर तो श्वास परत येऊ शकतो. तिथे ओढ भागवायला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही त्याच जातीची औषधं देतात तेव्हा लोक म्हणतात एक नशा सोडवून दुसरी लावली, पण त्याने मृत्यू कमी होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं 2005 सालीच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलीत.

आणखी एक. 'तो रोज कुठे पितो, त्याला व्यसन नाही' हे वाक्य फार ऐकू येतं. 2013 सालच्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, व्यसनाची 11 लक्षणं दिलीत, ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, सोडायचा प्रयत्न करून न जमणं, ओढ लागणं, घरात भांडणं होऊनही चालू ठेवणं वगैरे. वर्षभरात त्यातली दोन दिसली तरी निदान होतं, सहा किंवा जास्त असतील तर गंभीर. किती पेग किंवा किती दिवस हा आकडा त्यात कुठेच नाही!

आणि पुन्हा सुरू झाली म्हणजे ट्रीटमेंट वाया गेली असंही नाही. रिलॅप्सचं प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के सांगतात, बीपी आणि दम्यातही त्रास उलटण्याचं प्रमाण याहून कमी नाही, पण बीपी वाढलं म्हणून कोणी पेशंटला 'तुझ्यात दम नाही' म्हणत नाही, औषध बदलतात, डोस बघतात. माझ्या भावाला मात्र आमच्याच नातेवाइकांनी तोंडावर सुनावलं आणि त्याने पुढची अपॉइंटमेंट चुकवली.

तुम्हाला एकच विनंती आहे. व्यसनाची बातमी छापाल तेव्हा खाली एक छोटी चौकट द्या. एकदम दारू तोडू नका, डॉक्टरांना विचारा, औषधं असतात आणि ती डिटॉक्सनंतरही चालू ठेवावी लागतात, बस एवढंच चार ओळींत.

आपली,
एक नियमित वाचक